शेवटची बांधी कुणाची? वडसा परिसरातली धानकापणी, यंत्रे आणि सहकार

धान कापून झाले म्हणजे पीक हाती आले, असे वैनगंगेच्या काठावर कुणी मानत नाही. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरातच, तीन-चार दिवस वाळतात, मग भारे बांधले जातात, भारे डोक्यावरून किंवा ट्रॅक्टरवरून खळ्यावर येतात, भाऱ्यांचे पुंजणे रचले जाते, आणि त्यानंतर कधीतरी मळणी होते. यातला सर्वांत धोक्याचा काळ कडपा बांधीत पसरलेल्या असतात तो. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या पावसाने पूर्व विदर्भातले धान भिजले. ज्याचे धान चार दिवस आधी पुंजण्यात गेले होते तो वाचला. ज्याला मजूर मिळाले नव्हते त्याच्या कडपांना कोंब फुटले. दोघांचे वाण एक, पाणी एक, मेहनतही एकच. फरक पडला तो कापणीचा क्रम कुणाचा आधी लागला आणि कुणाचा मागे राहिला, एवढ्याने.

म्हणून वडसा, आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी, लाखांदूर या पट्ट्यात शेतकऱ्यांनी यंत्रे आणि मजूर वाटून वापरण्याचा विचार करायचा, तर तो खर्च वाचवण्यापासून सुरू करता येत नाही. तो क्रमापासूनच सुरू करावा लागतो. एकाच आठवड्यात सगळ्यांना तेच मजूर आणि तेच यंत्र हवे असते. आधी कोणाचे, शेवटी कोणाचे, आणि शेवटच्याचे नुकसान झाले तर ते कोणी सोसायचे, या प्रश्नाला ज्या भागीदारीकडे उत्तर नाही, ती पहिल्याच अवकाळी पावसात मोडते.

वडसा म्हणजे देसाईगंज हे अनेक वर्षे गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव रेल्वे स्थानक. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरचे हे गाव धानाचे, तांदळाच्या गिरण्यांचे आणि मजुरांच्या येण्याजाण्याचे. इटियाडोह धरणाचे पाणी कालव्याने इथवर येते, शिवाय जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत. पाण्याची अशी सोय असलेल्या गावांत खरिपाबरोबर उन्हाळी धानही घेतले जाते. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली. शेती उरलेल्या पट्ट्यांत, तीही लहान लहान बांध्यांत तुकडे पडलेली. एका एकरात पाच-सहा बांध्या, प्रत्येकीची पातळी वेगळी, मध्ये धुरे. यंत्राच्या दृष्टीने ही जमीन अवघड आहे, आणि पुढची बरीच चर्चा या एका गोष्टीभोवती फिरते.

मजुरीचे वर्षही आधी नीट पाहायला हवे, कारण मजूर कमी झाले हे वाक्य इथे फार सैलपणे बोलले जाते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. ऑक्टोबरच्या मध्यापासून हलके धान, मग मध्यम, मग भारी धान, अशी कापणी डिसेंबरपर्यंत चालते. त्यानंतर गावेच्या गावे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि मार्चनंतर परततात. तोवर मोहफुले सुरू झालेली असतात. मे महिन्यात तेंदूपाने. म्हणजे माणसे वर्षभर काम करत असतात आणि कामामागे फिरत असतात. नोव्हेंबरच्या तीन आठवड्यांत त्यांची एकदम गरज पडते, आणि नेमके तेव्हाच ठेकेदार आगाऊ रक्कम देऊन मिरचीसाठी टोळ्या ठरवू लागतात. आगाऊ रक्कम मिळाली की कुटुंब भारी धान कापून होण्याची वाट पाहत नाही. मजूर टिकवायचे असतील तर त्यांना आधी शब्द आणि आधी पैसा द्यावा लागतो. एकट्या दोन-अडीच एकरवाल्याला ते परवडत नाही. पन्नास शेतकरी मिळून मात्र ते देऊ शकतात. सहभागाचा पहिला खरा फायदा यंत्रात नाही, इथे आहे.

मिळून काम करण्याचे दुसरे एक कारण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. वडसा वनविभागात आणि शेजारच्या ब्रह्मपुरी, भंडारा भागांत माणसे मारणारा सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा जंगलात जेरबंद झाला. तोवर त्याच्या हल्ल्यांत तेरा जणांचा जीव गेल्याची नोंद झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला आणि उभ्या धानाबरोबर रचलेली पुंजणीही तुडवू लागला. जंगलाला लागून असलेल्या बांधीत चार बायकांनी एकट्या वाकून धान कापायचे दिवस गेले. पंधरा-वीस जणांचा मेळा, त्यात लक्ष ठेवायला दोघे मोकळे, उजेडात सुरुवात आणि उजेडात शेवट, असे काम करावे लागते. एकमेकांच्या शेतात मिळून कापणी करणे ही या भागात आता जिवाची गरज झाली आहे. कापणी-भागीदारीवरच्या कोणत्याही सरकारी पुस्तिकेत मला हे कारण सापडलेले नाही. इथे ते पहिल्या पानावर असायला हवे.

मिळून काम करण्याची रीत मराठी मुलखाला नवी नाही. इर्जिक, सावड, वारंगुळा या पद्धतींनी पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्यांनी एकमेकांचे बैल, औते आणि हात वापरले. एक दिवस सगळा गाव एकाच्या शेतात, संध्याकाळी त्याच्याकडे जेवण, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात. पानी फाउंडेशनने २०२२ पासून भरवलेल्या फार्मर कपमध्ये शेतकरी गटांनी हीच इर्जिक पुन्हा वापरात आणली, आणि तिचा उपयोग झाला. पण जुन्या रीतीची आठवण काढताना तिची मर्यादाही बोलायला हवी. ती बरोबरीच्या माणसांत चालत असे. ज्याच्याकडे बैलजोडी तो बैलजोडीवाल्याशी सावड करी. ज्याच्याकडे फक्त विळा होता, तो त्या देवघेवीत मजूरच राहिला. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, कापणीची मजुरी पूर्वी बहुतेक धानातच मिळे, म्हणजे भूमिहीनाचा वाटा पिकाशी बांधलेला होता. रोख मजुरी आली तसा तो धागा तुटला. पुढे हुंडा पद्धत रुळली. एकराचा आकडा ठरतो आणि मेळा तो पुरा करतो. हुंड्यात काम झपाट्याने उरकते, पण कडपा नीट पसरल्या का, भारा घट्ट बांधला का, याची जबाबदारी कुणाचीच नसते.

या परिस्थितीत कंबाइन हार्वेस्टर आला. पंजाब-हरियाणाची यंत्रे ट्रकवर लादून हंगामामागे देशभर फिरतात, तशी ती इकडेही येतात. चाकांचा हार्वेस्टर ओल्या बांधीत रुततो, म्हणून साखळीपट्ट्यावर चालणारा लागतो. तासाभरात एकराच्या आसपास धान कापून, झोडून, दाणे वेगळे होतात. कडपा नाहीत, पुंजणे नाही. चक्रीवादळाची बातमी आल्यावर दोन दिवसांत शिवार मोकळे करण्याची ताकद दुसऱ्या कशात नाही, हे मान्यच केले पाहिजे. हार्वेस्टरला विरोध करणाऱ्यांनी भिजलेल्या कडपांसमोर बसलेल्या शेतकऱ्याला आपला युक्तिवाद सांगून पाहावा.

तरीही त्याने नवे प्रश्न आणले. पहिला तणसाचा. हाताने कापलेल्या धानाचे लांब तणस गुरांना वर्षभर पुरते. हार्वेस्टर ते चिरडून शेतात पसरतो, आणि ते गोळा करणे हे वेगळेच काम होते. ज्याच्याकडे दोन बैल आणि एक गाय आहे त्याला तणस विकत घ्यावे लागले, तर कापणीत वाचलेले पैसे तिकडे जातात. दुसरा प्रश्न उतेऱ्याचा. धान उभे असतानाच ओलाव्यावर लाखोळी, जवस फेकायचे आणि धान निघाल्यावर तेच पीक पुढे घ्यायचे, ही इथली जुनी शहाणी पद्धत. कोवळ्या उतेऱ्यावरून काही टनांचे यंत्र गेले की त्या पट्ट्यात काही उरत नाही. तिसरा प्रश्न ओलाव्याचा. उभ्या पिकातून थेट काढलेला दाणा ओला असतो, आणि आधारभूत खरेदीत सतरा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. दाणे वाळवायला अंगण, सिमेंटचे खळे किंवा निदान ताडपत्र्या हव्यात. बांधीतून निघालेले धान एका संध्याकाळी वीस पोती घरासमोर पडले आणि रात्री पाऊस आला, तर कडपांचा धोका अंगणात आला इतकेच. हार्वेस्टरची भागीदारी करणाऱ्या गटाने पहिला पैसा ताडपत्री आणि खळ्यावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. यंत्र भाड्याने मिळते. कोरडी जागा ऐनवेळी भाड्याने मिळत नाही.

चौथा प्रश्न बायकांच्या मजुरीचा. धान कापायला एकरी साधारण आठ-दहा माणसे लागतात, आणि ती बहुतेक बायका असतात. हार्वेस्टर एका तासात तेवढ्या रोजांची कमाई नेतो. घरात एक पैसा आला तरी तो कापणीचाच, अशी कुटुंबे प्रत्येक गावात आहेत. या बायकांच्या पाठीचे आणि गुडघ्यांचे दुखणेही खरे आहे. दिवसभर वाकून कापणे कुणी हौसेने करत नाही. म्हणून यंत्र हवे की नको असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. यंत्र आल्यावर वाचलेल्या पैशातला वाटा कुणाकडे जातो, हा प्रश्न आहे.

आता हिशेब. साखळीपट्ट्याचा हार्वेस्टर आज पंचवीस-तीस लाखांच्या घरात जातो. उदाहरणादाखल सत्तावीस लाख धरू. आठ वर्षांत त्याची किंमत वसूल करायची, तर वर्षाला सुमारे तीन लाख चाळीस हजार. व्याज सरासरी दीड लाख, दुरुस्ती आणि सुटे भाग एक लाख. म्हणजे डिझेल आणि चालक धरण्याआधीच वर्षाला सहा लाखांच्या आसपास. खरिपाचे तीस दिवस आणि उन्हाळी धानाचे पंधरा दिवस यंत्र चालले, दिवसाला आठ एकर झाले, तर वर्षाला साडेतीनशे-तीनशे साठ एकर होतात, आणि स्थिर खर्च एकरी सुमारे सतराशे रुपये पडतो. तेच यंत्र शंभर एकरांच्या गटाने घेतले, तर एकरी सहा हजार. हा भाड्याच्या यंत्राच्या पुढे टिकणारा आकडा नाही. एका गावाच्या एका गटाने हार्वेस्टर विकत घेणे म्हणजे स्वतःला कर्जात घालणे. हार्वेस्टर घ्यायचा तर चार-पाच गावांनी मिळून घ्यावा, ज्यांचे धान थोडे मागेपुढे पिकते त्यांनी घ्यावा, आणि उन्हाळी धान असलेल्या एखाद्या गावाला त्यात जरूर ओढावे. गटाने अनुदानाचा अर्ज भरण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा. अनुदान किंमत कमी करते, यंत्राचे कामाचे दिवस वाढवत नाही.

एका गावाला परवडणारे यंत्र वेगळे आहे. कापून भारा बांधणारा रीपर-बाइंडर हार्वेस्टरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात येतो. तो तणस लांब ठेवतो, आणि वजनाने हलका असल्याने बांधीचे नुकसान कमी होते. तो चिखलात चालत नाही आणि आडव्या पडलेल्या धानात निकामी ठरतो, हे खरे. पण तो आणि एक मोठा थ्रेशर, इथले लोक ज्याला हडंबा म्हणतात तो, हे दोन मिळून गावपातळीवरची गरज भागवतात. आणि मुख्य म्हणजे त्यांना माणसे लागतात. भारे उचलणे, पुंजणे रचणे, हडंब्यात पेंढ्या टाकणे, वाळवणे, पोती भरणे. काम कमी कष्टाचे होते, संपत नाही. माझा कल या मार्गाकडे आहे. पडलेल्या पिकासाठी आणि संकटाच्या दिवसांसाठी चार गावांचा मिळून हार्वेस्टर, आणि रोजच्या कापणीसाठी गावाचे बाइंडर व हडंबा.

योजनांची कमतरता नाही. २०१४-१५ पासूनच्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांना चाळीस टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. महाराष्ट्रात याच केंद्रांना अवजारे बँक म्हणतात. २०१७ ची राज्याची गटशेती योजना किमान वीस शेतकरी आणि शंभर एकर मागत होती. २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. २०२१ मध्ये केंद्रात वेगळे सहकार मंत्रालय झाल्यावर गावपातळीवरच्या सोसायट्यांसाठी नवे आदर्श उपविधी आले आणि अवजारे भाड्याने देणे हे त्यांच्या कामांत बसले. मात्र या सगळ्या योजनांत मोजमाप होते ते खरेदीचे. किती ट्रॅक्टर, किती थ्रेशर, किती केंद्रे. यंत्र हंगामात किती तास चालले, किती सभासदांच्या शेतात गेले, शेवटच्या सभासदाचे धान कोणत्या तारखेला निघाले, हे कुणी विचारत नाही. म्हणून कागदावर गट आणि प्रत्यक्षात एकाचे यंत्र, हा प्रकार राज्यभर दिसतो. अनुदानाचा दुसरा हप्ता यंत्राच्या वापराच्या नोंदवहीवर द्यावा. एवढा एक बदल केला तरी निम्मी बनावट थांबेल.

मिळून शेती म्हटले की जुन्या शेतकऱ्याच्या मनात जमीन जाण्याची भीती उभी राहते, आणि तिला इतिहास आहे. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र कसायच्या, उत्पन्न वाटून घ्यायचे, अशी ती दिशा होती. चौधरी चरणसिंगांनी तिला उघड विरोध केला, देशभरचा शेतकरी बिथरला, आणि ठराव कागदावर राहिला. त्याच्या एक वर्ष आधी, १९५८ मध्ये, जर्मनीत बव्हेरियातल्या बुखहोफेन या गावी एरिक गायर्सबर्गर या शेतीपत्रकाराच्या कल्पनेतून पहिले यंत्रमंडळ सुरू झाले. तिथे जमीन ज्याची त्याची राहिली. यंत्रेही बहुतेक ज्याची त्याचीच राहिली. एकाचे यंत्र दुसऱ्याच्या शेतात गेले की ठरलेल्या दराने नोंद होई, आणि ही नोंद ठेवायला पगारी व्यवस्थापक असे. शेतकरी आजारी पडला तर मंडळ त्याच्या शेतावर माणूस पाठवी. ती मंडळे पुढे जर्मनीभर पसरली. फ्रान्समध्ये त्याआधी, १९४५ पासून, यंत्र मिळून विकत घेणाऱ्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि आज त्यांची संख्या हजारोंत आहे. दोन्ही ठिकाणी यशाचे कारण सारखे आहे. जमिनीला हात लावला नाही, आणि हिशेब ठेवणाऱ्याला पगार दिला. आपल्याकडे हिशेब नेहमी एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या फुकटच्या मेहनतीवर सोडतात. तो थकला की गट संपतो.

धानापुरते बोलायचे तर जवळचा धडा केरळचा आहे. कुट्टनाडमध्ये शेते समुद्रसपाटीच्या खाली, त्यामुळे पाणी उपसायचे तर सगळ्यांनी एकदमच उपसायचे. पाण्याने त्यांना एका शिवाराच्या समित्यांत बांधले, आणि त्याच समित्या आता कापणीच्या वेळी तमिळनाडूतून येणाऱ्या हार्वेस्टरशी दर ठरवतात. कापणीची भागीदारी गावाच्या नावावर नव्हे तर पाण्याच्या एककावर उभी राहते, हे त्यातून घ्यावे. आपल्याकडे एका तलावाखालचे किंवा कालव्याच्या एका चारीवरचे शेतकरी हे तसे एकक आहे. त्यांचे पाणी एकदम सुटते, एकदम बंद होते, बांध्या एकाच सुमारास कोरड्या होतात. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखालच्या पाणी वापर संस्था जिथे आहेत, तिथे सभासदांची यादी तयारच आहे.

महाराष्ट्रात कापणीची सर्वांत मोठी सामूहिक व्यवस्था साखर कारखान्यांची. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पहिल्या सहकारी कारखान्यापासून पुढे, ऊस लावल्याची तारीख नोंदायची आणि त्या नोंदीनुसार तोड द्यायची, ही शिस्त रुजली. तिच्यात वशिला शिरला, तोडीसाठी शेतकऱ्यांना चकरा माराव्या लागल्या, तरी तत्त्व पक्के होते: नोंद आधी, क्रम नोंदीप्रमाणे, तोडणी आणि वाहतूक संस्थेची जबाबदारी. धानाला असा कारखाना कधी मिळाला नाही. गिरणीवाला पोते दारात आल्यावर विकत घेतो, ते शेतातून कसे निघाले याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पण साखरेच्या सहकाराचे एक मोठे अपयशही डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. तोडणी मजूर त्या सहकाराच्या बाहेरच राहिला. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून उचल घेऊन येणाऱ्या कोयत्यांच्या श्रमावर कारखाने उभे राहिले आणि त्यांना कधी सभासद केले गेले नाही. झाडीपट्टीत नवे काही उभे करताना हीच चूक पुन्हा करू नये, ही माझी सर्वांत कळकळीची सूचना आहे.

त्यासाठी लागणारी माणसे आणि अनुभव इथे आहे. जंगल कामगार सहकारी संस्थांची चळवळ १९४७ मध्ये मुंबई प्रांतात सुरू झाली आणि पुढे या जिल्ह्यांतही रुजली. कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडणारा मजूर त्या संस्थेचा सभासद असतो, ही मूळ कल्पना होती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, आणि गावाने बांबूची विक्री व मजुरीची नोंद स्वतः ठेवून दाखवली. कोरचीच्या महाग्रामसभेने तेंदूपाने एकत्र विकली. लाखोंच्या व्यवहाराचा हिशेब गावातल्या लोकांना जमतो, हे या भागात सिद्ध झालेले आहे. फक्त तो अनुभव जंगलापुरता राहिला, बांधीत आला नाही.

धानाच्या बाजूने तयार असलेली संस्था म्हणजे आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था, बोलीत आविका. आदिवासी विकास महामंडळासाठी हमीभावाने धान खरेदी करायचे काम त्या वर्षानुवर्षे करतात. त्यांच्याकडे सभासदांची यादी आहे, कुणी किती धान दिले याची नोंद आहे, आणि चुकारे देण्याची साखळी आहे. यंत्राचे भाडे चुकाऱ्यातून वळते केले, तर थकबाकीचा प्रश्न सुटतो. या संस्थांचा कारभार सगळीकडे चांगला आहे असे नाही. उघड्यावर भिजलेले धान आणि महिनोन्महिने रखडलेले चुकारे लोकांनी पाहिले आहेत. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला, पण तो वेळेवर मिळाला तरच मजुराला वेळेवर पैसे देता येतात. तरीही शून्यातून नवी कंपनी काढण्यापेक्षा आविका सुधारणे सोपे, असे मला वाटते. यंत्र आविकाच्या नावावर आणि श्रमाची बाजू उमेद अभियान किंवा महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) यांच्या महिला बचत गटांकडे, अशी दोन संस्थांची जोडी बसवता येईल. गटाने हंगामाचा करार आधी करावा, आगाऊ रक्कम संस्थेने द्यावी, आणि वाळवणे, पोती भरणे, तणस गोळा करून विकणे ही कामे गटाचीच असावीत. यंत्राच्या कमाईतला ठरलेला हिस्सा गटाच्या खात्यात जावा. वनजमिनीवर अतिक्रमण करून कसणाऱ्या जबरानजोतवाल्यांनाही सभासद करावे. सातबारा नसल्याने त्यांना अनुदान मिळत नाही, पण पाऊस त्यांच्या कडपाही भिजवतो.

तारखांची शिस्त शिकायला वडशाबाहेर जायचीही गरज नाही. झाडीपट्टी रंगभूमीच्या मंडळ्यांची कार्यालये याच गावात आहेत. दिवाळीनंतर मंडई या गावजत्रांच्या हंगामात गावोगावची मंडळे इथे येऊन नाटकांच्या तारखा ठरवतात, आगाऊ रक्कम देतात, आणि एक मंडळी एका रात्री एकाच गावात उभी राहते. कोणत्या गावाला कोणती रात्र, हे डायरीत लिहिले जाते आणि पाळले जाते. ज्या परिसराला इतका मोठा हंगाम वहीवर चालवता येतो, त्याला तीनशे एकरांच्या कापणीची वही अशक्य नाही.

ती वही मात्र कापणीच्या वेळी उघडून चालणार नाही. ती पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकतानाच उघडावी. एका चारीवरच्या शेतकऱ्यांनी जूनमध्ये बसून कुणी हलके, कुणी मध्यम, कुणी भारी धान लावायचे हे ठरवले, वरच्या बांध्यांत लवकर निघणारे आणि खालच्या ओल्या बांध्यांत उशिराचे धान ठेवले, तर नोव्हेंबरातला क्रम जवळजवळ आपोआप ठरतो, आणि यंत्राला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जाता येते. रोवणीची तारीख नोंदली की कापणीची तारीख अंदाजाने तिथेच लिहिता येते. बांधीतले पाणी कधी सोडायचे तेही मग एकाच्या मर्जीवर राहत नाही.

आणि शेवटची बांधी. क्रमात कुणीतरी शेवटी येणारच. त्याला दरवर्षी शेवटीच ठेवू नये, क्रम दरवर्षी उलटावा, हा एक उपाय. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा वाटतो: एकरी ठरावीक रक्कम एका जोखीम निधीत जमा करावी, आणि क्रम मागे असल्यामुळे ज्याचे धान भिजले त्याला त्या निधीतून भरपाई मिळावी. हा निधी लहानच असेल, पण शेवटपर्यंत थांबायला तयार असलेल्या माणसाला गटाने दिलेला तो शब्द आहे. हा शब्द नसेल तर प्रत्येक जण पहिला क्रम मागतो, आणि जो जास्त ताकदवान त्याला तो मिळतो.

वडसा, आरमोरी, कुरखेडा भागातल्या आविका संस्थांच्या सभासदांना माझी विनंती आहे. येत्या रोवणीआधी होणाऱ्या सभेत यंत्र खरेदीचा ठराव मांडू नका. आधी एक चारी निवडा, तिच्यावरच्या सगळ्या बांध्यांची यादी करा, वाण आणि रोवणीच्या तारखा लिहा, गावातल्या कापणी करणाऱ्या बायकांच्या गटाला त्याच सभेत बसवा, आणि एका हंगामासाठी भाड्याचे यंत्र वापरून ती वही चालवून पाहा. वहीतला क्रम डिसेंबरपर्यंत पाळला गेला, तर पुढच्या वर्षी यंत्र घ्या.